हस्तिदंताची धाकटी पाती

प्लॅस्टिकची एक गंमत आहे. नको असतं तेव्हा ते दारात, गटारात, म्हशीच्या पोटात, जिथे बघाल तिथे सापडतं; आणि हवं असतं तेव्हा नेमकं सोन्याच्या भावानं मिळतं. ही गंमत कळायला माणसानं एक तर पर्यावरणतज्ज्ञ व्हावं, नाहीतर आगगाडीची मॉडेलं करण्याचा छंद लावून घ्यावा. पहिल्याला शिक्षण लागतं. आम्ही पडलो बी.कॉम. दुसरा मार्ग पत्करला.

आगगाडीच का, असं विचाराल तर त्याला इतिहास कारण आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली. १८५४ साली कल्याणला पोचली. तिथून तिला दोन पाय फुटले. एक कसाऱ्याकडे गेला, दुसरा कर्जतकडे. मधल्या बेचक्यात आमचा मुरबाड तालुका कोरडा राहिला, आणि त्या तालुक्यात टोकावडे. इथल्या शाखेत खुर्ची मिळाली तेव्हाच मी ठरवलं, की रेल्वे येत नसेल तर आपण करावी. प्रमाण १:८७. म्हणजे २१ मीटरचा डबा २४ सेंटिमीटरमध्ये बसतो. सरकारी अंदाजपत्रकात एवढी काटकसर तुम्ही कधी पाहिली आहे का?

ह्या कामाला पांढरी पॉलिस्टायरिनची शीट लागते, अर्धा ते एक मिलिमीटर जाडीची. कटरनं ओरखडा काढला की बिस्किटासारखी कट्कन तुटते. सांध्यावर योग्य द्रावकाचा थेंब सोडला की दोन्ही कडा विरघळून एकजीव होतात. परदेशी शीटची चौकशी केली. टपालखर्च आणि जकात धरून जो आकडा निघाला, त्यापेक्षा खऱ्या डब्याचा पत्रा स्वस्त पडला असता.

मग मे महिन्यात गावच्या बाजारात विचारलं, "प्लॅस्टिक शीट आहे का?"

"किती मीटर? घरावर टाकायला का आवणीला?"

दुकानदाराचं बरोबर होतं. भाताच्या आवणीला बायका पूर्वी डोक्यावर इरली घेत. आता प्लॅस्टिकचा कागद घेतात. मी म्हटलं, "एक मिलिमीटर जाड पाहिजे." त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं. "एवढा जाड? सायेब, गोठा बांधताय काय?"

परतताना डोंगराकडे नजर गेली आणि वाटलं, ह्या रस्त्याची तरी काय थट्टा! टोकावड्याहून माळशेजकडे निघालं की वैशाखरे लागतं, आणि तिथून नाणेघाटाची पायवाट वर चढते. सातवाहनांच्या काळी कल्याणचं बंदर आणि जुन्नर ह्यांना जोडणारी ही वाट. वर दगडी रांजण आहे. तो जकातीचा, असं लोक सांगतात. (जकात तेव्हाही होती, हे छंदिष्टांनी ध्यानात ठेवावं.) १९३८ साली इटलीत पाँपेईच्या अवशेषांत एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. इसवी सन ७९ च्या ज्वालामुखीत ती गाडली गेली होती. पुढे आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात तिच्याशी साम्य असणारी मूर्ती निघाली, आणि पाँपेईची बाई मूळची भोकरदनची असावी असं काही अभ्यासकांना वाटू लागलं. तसं असेल, तर ती नाणेघाट उतरून आमच्याच शिवारातून बंदराकडे गेली असेल, असा माझा तर्क. त्याला आधार एवढाच, की मी टोकावड्याला राहतो.

प्लॅस्टिकच्या लेखात हस्तिदंत कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण हस्तिदंत ही थोरली पाती, आणि प्लॅस्टिक ही धाकटी.

१८६० नंतरच्या दशकात बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असत, आणि ते महाग होऊ लागले. अमेरिकेतल्या एका चेंडूवाल्या कंपनीनं पर्याय शोधणाऱ्याला १०,००० डॉलरचं बक्षीस लावलं. त्या आधीच, १८६२ च्या लंडनच्या प्रदर्शनात अलेक्झांडर पार्क्स ह्या गृहस्थानं 'पार्केसाइन' नावाचा पदार्थ मांडला होता. स्वस्त करायच्या नादात त्यानं माल हलका वापरला, वस्तू वाकड्या होऊ लागल्या, आणि १८६८ साली कंपनी बुडाली. आमच्या कर्जखात्यात ही कथा वेगवेगळ्या नावांनी आढळते.

जॉन वेस्ली हयातनं १८७० साली पेटंट घेतलं. त्याची कृती ऐका : कापूस आम्लात भिजवायचा आणि त्यात कापूर मिसळायचा. आपण हा कापूर शतकानुशतकं देवापुढे जाळत होतो. त्यानं त्याचं सेल्युलॉइड केलं! ह्या पदार्थाचा ठोकळा करून पातळ काप काढत. शीट जन्मली ती अशी. पण आम्लात भिजवलेला कापूस म्हणजे स्फोटकाचा सख्खा भाऊ. एका गुत्तेवाल्यानं हयातला कळवलं, की चेंडूवर चेंडू आपटला की बार होतो, आणि बार झाला की खोलीतला प्रत्येक जण पिस्तूल उपसतो.

पुढे ह्याच घराण्यातून सिनेमाची फिल्म निघाली. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. आणि ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्मना आग लागली, तेव्हा कापूस आणि कापूर ह्यांनी आपला मूळ स्वभाव दाखवला.

पॉलिस्टायरिन त्या मानानं शांत प्रकृतीचं. १८३९ साली बर्लिनचा एक औषधविक्रेता, एडुआर्ड सिमॉन, शिलारसाचा अर्क काढत होता. हो, आपल्या वैद्यांचाच शिलारस. ठेवलेला अर्क घट्ट झाला. त्याचं काय करायचं हे कळायला जगाला नव्वद वर्षं लागली. १९३० च्या सुमारास जर्मनीत कारखाना निघाला. १९५२ साली एअरफिक्स कंपनीनं 'गोल्डन हाइंड' ह्या जहाजाचं मॉडेल पिशवीत घालून दोन शिलिंगला विकलं, आणि साहेबाच्या देशातल्या साध्या घरातली पोरंही आरमारं बांधू लागली. आपल्याकडे पॉलिस्टायरिनचं उत्पादन १९५७ साली सुरू झालं. १९६८ साली ठाणे-बेलापूर रस्त्यावर नोसिलचा नाफ्था फोडण्याचा प्रकल्प उभा राहिला. तो पुढे बंद पडला. पण प्लॅस्टिकचा कच्चा माल एके काळी आमच्याच जिल्ह्यात शिजत होता, आणि मी शीटसाठी विलायतेकडे डोळे लावून बसलो होतो!

मी महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा माणूस, मला हे हसण्यावारी नेता आलं. पण एकदा पाड्यावरचा आठवीतला मुलगा शिष्यवृत्तीचं पासबुक भरायला आला. काउंटरवर माझं डब्याचं रेखाचित्र पडलं होतं. त्यानं विचारलं, "हे करायला किती लागतात?" मी शीटचा भाव सांगितला. तो म्हणाला, "बापाची दोन दिसांची हजरी." आणि पासबुक घेऊन निघून गेला. तक्रार नाही, काही नाही, नुसता हिशेब. तो मला लागला. हस्तिदंत ज्यांना परवडत नव्हता त्यांच्यासाठी ही धाकटी पाती जन्माला आली, आणि आता तीही हस्तिदंताच्या भावानं विकायची?

उत्तर मुरबाडला भंगारवाल्याकडे निघालं. मेलेल्या फ्रीजच्या आतलं पांढरं अस्तर पुष्कळदा पॉलिस्टायरिनचंच असतं. सपाट, गुळगुळीत, एक-दोन मिलिमीटरचं, आणि विकायचं किलोवर. दह्या-आइस्क्रीमचे डबे उलटे करून बघावेत. त्रिकोणात ६ आकडा असला तर आपला माणूस. ही आकड्यांची पद्धत अमेरिकेतली, १९८८ सालची. २ आणि ५ ह्यांना कोणताही थिनर चिकटवत नाही. ती मंडळी फटकून वागतात. शंका असली तर कोपऱ्यावर थिनरचा थेंब टाकावा. चिकट झालं तर घ्यावं. जाळून मात्र बघू नये, आणि थिनर उघड्या हवेत वापरावा. आमच्या सौ.नी मला थिनरसकट गच्चीवर काढलं, ते ह्याच शास्त्रीय कारणास्तव.

त्या मुलाला निरोप धाडला. तीन रविवारांत आम्ही दोघांनी दोन डबे उभे केले. खिडक्या त्यानं कापल्या, माझ्यापेक्षा सरळ. पाटी त्यानंच रंगवली : कल्याण – टोकावडे. गाडी महिनाभर काउंटरवर उभी होती. एक म्हातारे शेतकरी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"सायेब, ही सुटनार कवा?"

"बाबा, रूळ आले की."

"मंग ऱ्हाऊ द्या," म्हणाले, आणि एस.टी. पकडायला गेले.