'तो म्हणाला की…' इंग्रजीत लिहिताना मराठी माणूस कुठे अडकतो?

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कंपन्यांमध्ये बोलणं मराठी-हिंदीत चालतं, पण शिफ्ट रिपोर्ट आणि मेल बहुतेक वेळा इंग्रजीत लिहावे लागतात. तिथे दहावीला पाठ केलेलं 'डायरेक्ट-इनडायरेक्ट' पुन्हा समोर येतं.

घोळ कुठे होतो?

मराठीत आपण म्हणतो, 'ऑपरेटर म्हणाला की मी टूल बदललं.' इथे 'मी' म्हणजे ऑपरेटर, हे सगळ्यांना कळतं. हेच शब्दशः लिहिलं, 'द ऑपरेटर सेड दॅट आय चेंज्ड द टूल', तर इंग्रजीत 'आय' म्हणजे रिपोर्ट लिहिणारा! काम त्याचं, नाव तुमचं. उद्या जॉब रिजेक्ट झाले तर प्रश्नही तुम्हालाच. बरोबर वाक्य: 'द ऑपरेटर सेड दॅट ही हॅड चेंज्ड द टूल.'

काय काय बदलतं?

१. सर्वनाम: बोलणारा पुरुष असेल तर 'आय'चं 'ही', स्त्री असेल तर 'शी'.

२. काळ: 'सेड' भूतकाळात असेल तर आतलं वाक्य एक पायरी मागे जातं. 'इज'चं 'वॉज', 'चेंज्ड'चं 'हॅड चेंज्ड', 'विल'चं 'वुड', 'कॅन'चं 'कुड'. 'सेज' असेल तर काळ बदलत नाही. 'पृथ्वी सूर्याभोवती फिरते' अशा कायमच्या सत्यातही सहसा बदलत नाही.

३. वेळ: 'टुडे'चं 'दॅट डे', 'टुमॉरो'चं 'द नेक्स्ट डे', 'यस्टर्डे'चं 'द प्रीव्हियस डे'. सोमवारी कोणी 'उद्या मटेरियल येईल' म्हणालं आणि मंगळवारी तुम्ही 'टुमॉरो' लिहिलं, तर वाचणारा बुधवार समजेल. रिपोर्टमध्ये सरळ तारीख टाकणं उत्तम.

४. प्रश्न: 'इज द मशीन रेडी?' याचं 'ही आस्क्ड इफ द मशीन वॉज रेडी.' प्रश्नचिन्ह जातं आणि शब्दांचा क्रम साध्या वाक्यासारखा होतो. 'व्हेअर', 'व्हेन' असे शब्द असतील तर 'इफ' नको, तोच शब्द ठेवा.

५. सूचना: 'स्टॉप द लाइन' याचं 'ही टोल्ड मी टू स्टॉप द लाइन.' 'डोन्ट' असेल तर 'नॉट टू'.

'सेड' की 'टोल्ड'?

'मला सांगितलं' याचं 'टोल्ड टू मी' होत नाही. 'टोल्ड मी' किंवा 'सेड टू मी' लिहा. 'सेड मी' चुकीचं.

नेहमी काळ बदलायलाच हवा का?

नाही. सांगितलेली गोष्ट अजूनही तशीच असेल, तर रोजच्या इंग्रजीत 'ही सेड द मशीन इज डाउन' चालतं. परीक्षेत मात्र नियमाप्रमाणेच बदला.

मेल पाठवण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा: कोण बोललं, कधी बोललं आणि 'आय' कोणाला लागू होतोय.