जुन्या मोटारींच्या पोथ्या

जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार मनात घेतलेला गृहस्थ प्रथम मिस्त्री शोधतो, मग सुटे भाग. पुस्तकाची आठवण त्यास गाडी खोलून अंगणात पसरल्यावर होते. हा क्रम आम्हांस उफराटा वाटतो. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ पाहून एकनाथांनी १५८४ साली तिचे शुद्धीकरण केले, ही हकीकत आपणां सर्वांस ठाऊक आहे. मोटारींच्या पुस्तकांतही असेच पाठभेद असतात. फरक इतकाच की, येथे अपपाठाने अर्थ बिघडत नाही, लोखंड मोडते.

अकोटासारख्या गावी मोटारीचे महत्त्व केवळ हौसेचे नव्हते. मुंबईकडील लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ साली नागपुरास पोहोचला व अकोला त्यावर आले. अकोटास मात्र रूळ दिसले ते स्वातंत्र्यानंतर. तोवर अकोल्यापर्यंतची सुमारे ४५ किलोमीटरांची वाट, मध्ये पूर्णेचे पात्र, पावसाळ्यात चाक गिळणारी कपाशीची काळी जमीन आणि उत्तरेस नरनाळ्याचा डोंगर, एवढ्यांशी गाठ बंडीची, दमणीची आणि पुढे मोटारीची. अशा मुलखात गाडी बंद पडली म्हणजे मुंबईच्या कारखान्यास पत्र लिहून भागत नसे. जे काय व्हायचे ते गावच्या मिस्त्रीच्या हातून व्हायचे, आणि त्याच्यापाशी पुस्तक असले तर ते इंग्रजीत असायचे.

त्या पुस्तकांचा इतिहास मौजेचा आहे. १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटींवर निघालेल्या फोर्ड 'टी' गाडीबरोबर मालकासाठी जी पुस्तिका येई, ती प्रश्नोत्तररूप होती. गुरुशिष्यसंवादावर वाढलेल्या आपल्या वाचकास ती परकी वाटली नसती. परंतु तिचे काम गाडी हाकणाऱ्याला धीर देण्याचे. यंत्र उघडणाऱ्यासाठी कारखान्याचे दुरुस्तीचे पुस्तक निराळे, आणि सुट्या भागांची चित्रांकित सूची आणखी निराळी. या तिहींत आधी घ्यावी ती सूची, असे आमचे मत आहे. दुरुस्तीचे पुस्तक 'कसे' ते सांगते. पण कोणत्या क्रमांकाच्या एंजिनापासून कोणता भाग बदलला, हे सूचीच सांगते. एकाच नावाच्या गाड्या आतून एकसारख्या नसतात. फोर्ड 'ए' गाडीत आरंभी अनेक तबकड्यांचा क्लच होता; १९२८ च्या अखेरीस तो जाऊन एका तबकडीचा आला. शिवाय ब्रिटिश साम्राज्यातील देशांस फोर्ड गाड्या बहुधा कॅनडातून येत व त्यांचे सुकाणू उजवीकडे असे. अमेरिकेत छापलेले पुस्तक उघडून सुकाणूची जुळणी करू जाल, तर चित्र एकीकडे आणि गाडी दुसरीकडे.

जीपची गोष्ट याहून बोलकी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याच्या जीपगाड्या विक्रीस निघाल्या, आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र मंडळींनी मुंबईत विलीसच्या जीपची जुळणी आरंभिली. अमेरिकी युद्धखात्याने फेब्रुवारी १९४४ मध्ये काढलेले 'टीएम ९-८०३' हे पुस्तक विलीस व फोर्ड या दोहोंनी बनविलेल्या युद्धकालीन जीपसाठी आहे. त्याची पुनर्मुद्रणे सहज मिळतात, त्यामुळे ते कोणत्याही जीपवर लावण्याचा मोह होतो. तो आवरावा. युद्धकालीन एंजिनात क्रँकशाफ्टपासून कॅमशाफ्टला गती साखळीने मिळते. नंतरच्या मुलकी जीपमध्ये साखळी जाऊन दातेरी चक्रे आली. साखळीने दोन्ही दांडे एकाच दिशेस फिरतात, एकमेकांत गुंतलेल्या चक्रांनी उलट दिशांस; म्हणून तेलाचा पंपही वेगळा लागतो. एकाचा पंप दुसऱ्यास बसविणे म्हणजे एंजिन तेलावाचून ठेवणे होय. विजेचेही तसेच: फोर्ड 'ए' मध्ये बॅटरीचे धन टोक सांगाड्यास जोडलेले, तर जीपमध्ये ऋण टोक. दोहोंची बॅटरी सहा व्होल्टांचीच, त्यामुळे फसगत सोपी.

छापील पुस्तकाखेरीज एक साधन आहे, आणि ते आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते: मिस्त्रीची वही. तेलकट बोटांचे ठसे उमटलेल्या पानांवर कोणता बेअरिंग कोणत्या दुसऱ्या गाडीचा चालला, कोणता बोल्ट इंची आट्यांचा, याची टिपणे असतात. परदेशी पुस्तककर्त्यास काळ्या मातीची धूळ ठाऊक नव्हती. या वहीस ती ठाऊक असते. पण म्हातारा मिस्त्री गेला की वही रद्दीत जाते. राजवाड्यांनी वाड्यांच्या माळ्यांवरून दप्तरे उतरविली. गॅरेजच्या फळीवर अजून कोणी हात घातलेला दिसत नाही.

जुन्या गाड्यांच्या नोंदणीसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि सांगाडा, साटा वा एंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यांत बसते. मूळ स्वरूप कोणते, हे आठवणीवरून सांगून भागणार नाही. तेथे पुन्हा भागांची सूचीच उघडावी लागते, आणि ती उघडण्यापूर्वी एंजिनावरील क्रमांक चिंधीने पुसून नीट वाचावा लागतो.