तंजावरची बाहुली आणि आज्ञाधारक कासव

तंजावरच्या डोलणाऱ्या बाहुलीचे बूड गोल आणि जड असते, वरचा भाग हलका. कितीही ढकलली तरी ती पुन्हा उभी राहते. गुरुत्वमध्य हा शब्द कानी पडण्यापूर्वीच कावेरीकाठच्या मुलाच्या हाताला त्याचा नियम समजलेला असतो.

खेळातून ज्ञान देण्याची ही दृष्टी तंजावरच्या मराठी दरबारातही होती. दुसऱ्या सरफोजीराजांनी (राज्यकाल 1798 ते 1832) ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक रचून भटक्या भविष्यवेत्तीच्या तोंडून जगाचा भूगोल गाववला. इसापाच्या कथांचे मराठी रूपांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने तंजावरातच 1806 मध्ये छापले गेले. ओरत्तनाडच्या मुक्तांबाळ छत्रात तर अन्नाबरोबर विद्याही मिळे. राजधानीतील ज्ञान खेड्याच्या वाटेला लागले ते अशा छत्रांमुळे.

आता मुलांना संगणकाला आज्ञा देण्याची विद्या, म्हणजे प्रोग्रॅमिंग, शिकवणारी यंत्रखेळणी आली आहेत. त्यांचे मूळ ‘लोगो’ या भाषेत आहे. अमेरिकेत 1967 मध्ये सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मुलांसाठी तयार केली. पुढे तिला एका यांत्रिक कासवाची जोड मिळाली. ‘शंभर पावले पुढे, नव्वद अंश उजवीकडे’ ही आज्ञा चार वेळा दिली की कासव जमिनीवर चौरस काढी. नव्वदाऐवजी ऐंशी सांगितले, तर चौरस जुळत नसे. तेव्हा मूल स्वतः कासवाप्रमाणे चालून, वळून चूक शोधी. 1998 मध्ये लेगो कंपनीने ‘माइंडस्टॉर्म्स’ हा संच आणला. पेपर्ट यांच्याच ग्रंथावरून त्याला हे नाव मिळाले. त्यात तर यंत्रही मुलानेच जोडायचे होते.

बाहुली निसर्गाचा नियम पाळते. कासव मुलाचा विचार पाळते. विचारातील चूक ते डोळ्यांपुढे मांडते आणि तरीही मुलावर रागावत नाही. या शिक्षणाचे मर्म यातच आहे. केवळ कळ दाबून नाचणारे महागडे खेळणे हे कार्य करू शकत नाही.

भारतात 2016 पासून शाळांतून अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभ्या राहू लागल्या. तेथील संच काचेच्या कपाटात शोभेसाठी राहिले, तर ते नसल्यासारखेच होत. सरफोजीराजांनी भूगोल लोकांच्या परिचयाच्या नाट्यरूपात आणला आणि विद्येला छत्राचा आसरा दिला. नव्या विद्येलाही हेच दोन आधार हवेत: मुलाची स्वतःची भाषा आणि खेड्यातील शाळेचे उघडे दार. कावेरीचे पाणी धरणात कितीही साठले, तरी पीक येते ते पाटाचे पाणी शेतात पोहोचल्यावरच.