लांडगा आला रे... पण कुठून?

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपल्याला शाळेत जायच्या आधीच पाठ असते. पोरगा खोटारडा, गावकरी वैतागलेले आणि मेंढरं बिचारी. लांडग्याला मात्र त्यात काही भूमिकाच नाही. तो येतो, खातो, गोष्ट संपते. तो मुळात आला कुठून, हे कोणी विचारत नाही. हा प्रश्न विचारायला आणि त्याचं बरंचसं उत्तर मिळायला साधारण १९० वर्षं लागली. आणि त्या उत्तरात आमच्या सोलापूरच्या माळरानाचाही वाटा आहे! (पुण्यात राहणारा सोलापूरकर गावाबद्दल बोलायची संधी सोडत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच.)

सुरुवात करू एका इंग्रज फौजीपासून. विल्यम हेन्री साइक्स. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली आणि कंपनीला प्रश्न पडला, की हातात आलेल्या मुलखात नक्की आहे तरी काय? गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात, १८२४ मध्ये, साइक्सला 'स्टॅटिस्टिकल रिपोर्टर' नेमलं. म्हणजे आजच्या भाषेत डेटा गोळा करायचं काम. किती गावं, किती पीक, किती पाऊस, किती माणसं. हा गडी एवढ्यावर थांबला नाही. वाटेत दिसणारे पक्षी, मासे, जनावरं यांचीही नोंद करत सुटला. १८३१ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे त्यानं दख्खनमधल्या सस्तन प्राण्यांची यादी मांडली. त्यात लांडग्याला शास्त्रीय नाव दिलं 'कॅनिस पॅलिपेस'. पॅलिपेस म्हणजे फिकट पायांचा.

मला या यादीतली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे साइक्सनं मराठी नावं टाकून दिली नाहीत. लांडगा, कोळसून ही नावं त्यानं इंग्रजी अक्षरांत जपून लिहिली. खोकडाचं तर त्यानं शास्त्रीय नावच 'कॅनिस कोक्री' ठेवलं होतं. पुढे ते नाव टिकलं नाही, कारण त्या प्राण्याला आधीच दुसरं नाव मिळालेलं होतं. पण इथल्या मेंढपाळांचा आणि शिकाऱ्यांचा शब्द काही काळ लंडनच्या कागदपत्रांत मिरवून आला, हेही नसे थोडके.

आता गंमत बघा. डार्विन 'बीगल' जहाजावर चढला तोही १८३१ मध्येच, डिसेंबरात. म्हणजे साइक्सनं नाव ठेवलं तेव्हा उत्क्रांतीचा सिद्धांत यायला अजून २८ वर्षं होती. त्याच्या दृष्टीनं 'जाती' म्हणजे कपाटातले खण. हा प्राणी या खणात, तो त्या खणात. खण एकमेकांचे नातेवाईक असू शकतात, ही कल्पना रूढच नव्हती. १८५९ नंतर चित्र बदललं. यादीचं झाड झालं. मग प्रश्न आला, की आपला लांडगा या झाडाच्या कोणत्या फांदीवर बसतो?

विसाव्या शतकात रेजिनाल्ड पोकॉक या ब्रिटिश शास्त्रज्ञानं कवट्या आणि कातडी तपासून सांगितलं, की ही वेगळी जात नाही. युरोप-अमेरिकेतल्या करड्या लांडग्याचीच ही एक उपजात. झालं, 'कॅनिस पॅलिपेस'चं 'कॅनिस ल्युपस पॅलिपेस' झालं. दिसायला ते पटण्यासारखंही आहे. आपला लांडगा लहान, सडपातळ, कमी केसांचा. गरम प्रदेशात शरीर लहान असलं की उष्णता लवकर बाहेर टाकता येते, त्यामुळे थंडीतल्या थोराड लांडग्याचीच ही उन्हाळी आवृत्ती, असं वाटणं साहजिक आहे. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात राहिलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

हे सगळं चालू असताना सरकार दुसऱ्याच कामात होतं. लांडगा मारा आणि बक्षीस न्या! इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी नोंदींवरून काढलेला आकडा सांगतो, की १८७५ ते १९२५ या ५० वर्षांत ब्रिटिश हिंदुस्थानात २ लाखांहून जास्त लांडगे मारले गेले. वाघांच्या दुपटीहून जास्त. आपण काय मारतोय हे तेव्हा कोणाला नीट माहीतही नव्हतं.

मग आला डीएनए. इथे जरा पेशींच्या आत जाऊ या, घाबरू नका, थोडक्यात सांगतो. पेशीच्या केंद्रकात असतो मुख्य डीएनए. लांडग्यात तो ७८ गुणसूत्रांत वाटलेला असतो, अर्धा आईकडून, अर्धा बापाकडून. पण केंद्रकाबाहेर मायटोकॉन्ड्रिया नावाची ऊर्जेची छोटी केंद्रं असतात आणि त्यांच्याकडे स्वतःचा वेगळा, छोटासा डीएनए असतो. लांडग्यात सुमारे १६,७०० अक्षरांचा. हा फक्त आईकडून येतो आणि पिढ्यानपिढ्या जवळजवळ तसाच पुढे जातो, अधूनमधून एखादं अक्षर बदलतं तेवढंच. आयटीवाल्यांसाठी सांगायचं तर ही एक लॉग फाइल आहे. तिच्यात फक्त नवी ओळ जोडली जाते, कधी मर्ज होत नाही. दोन फाइल्समधला फरक मोजा, फोर्क साधारण कधी झाला ते कळतं. शिवाय एका पेशीत तिच्या शेकडो-हजारो प्रती असतात, त्यामुळे संग्रहालयातल्या जुन्या कातड्यातूनही ती वाचता येते.

२००४ मध्ये दिनेश शर्मा, जीझस माल्डोनाडो, यादवेंद्रदेव झाला आणि रॉबर्ट फ्लायशर यांनी हेच केलं. उत्तर धक्कादायक होतं. जगातले बहुतेक लांडगे एकमेकांचे जवळचे भाऊबंद. पण भारतात दोन फांद्या एकदम वेगळ्या निघाल्या. एक हिमालयातली, अंदाजे ८ लाख वर्षांपूर्वी फुटलेली, आणि दुसरी आपल्या मैदानी लांडग्याची, अंदाजे ४ लाख वर्षांपूर्वीची. हैदराबादच्या सीसीएमबीतल्या संशोधकांनीही त्याच सुमारास हे दोन लांडगे वेगळ्या जाती मानाव्यात असं सुचवलं. आणि एक बोनस निष्कर्ष: कुत्र्यांची मातृवंशावळ या दोन्ही फांद्यांना जाऊन भिडत नाही. म्हणजे आपल्या गल्लीतला मोती हा माळावरच्या लांडग्याचा थेट वंशज नव्हे.

आता सोलापूर. बार्शी रस्त्यावर नान्नज लागतं, तिथलं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये झालं. ते झालं माळढोकासाठी, पण गवत राखलं की नुसता एक पक्षी राखला जात नाही. काळवीट वाढले आणि लांडगेही राहिले. सतीश कुमार आणि असद रहमानी यांनी नान्नजचे लांडगे काळवीट किती खातात, शेळ्या-मेंढ्या किती नेतात याचा अभ्यास केला. मग अलीगढ मुस्लिम विद्यापीठातून बिलाल हबीब यांनी पीएचडीच केली या लांडग्यांवर. २००७ मध्ये त्यांचा आणि सतीश कुमार यांचा एक निबंध आला, लांडगे पिल्लांची जागा का आणि कशी बदलतात यावर. हे काम म्हणजे एसी लॅब नव्हे. रखरखीत उन्हात, बाभळीच्या काट्यांत, ज्वारीच्या रानाकडेला बसून माणसांपासून दोन हात लांब राहणाऱ्या जनावराची वाट बघणं. सारखं डेडलाइनचं रडगाणं गाणाऱ्या आपल्यासारख्यांनी यावर जरूर विचार करावा :)

हेच हबीब पुढे २०२१ च्या एका मोठ्या अभ्यासात होते. लॉरेन हेनेली आणि सहकाऱ्यांनी ४ भारतीय आणि २ तिबेटी लांडग्यांचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचला आणि ३१ इतर श्वानकुळींशी ताडून पाहिला. का? कारण लॉग फाइल फक्त आईची बाजू सांगते. केंद्रकातल्या डीएनएची मात्र दर पिढीत पत्त्यांसारखी पिसापिशी होते, आणि वेगवेगळ्या कळपांत अधूनमधून संबंध आले की इतिहास आणखी गढूळ होतो. झाडाच्या वेगवेगळ्या आकृत्या निघू लागतात. म्हणून त्यांनी जिथे पिसापिशी कमी होते, असे एक्स गुणसूत्रावरचे भाग वेगळे काढून पाहिले. तिथे उत्तर आलं, की आज जिवंत असलेल्या करड्या लांडग्यांत सगळ्यात आधी फुटलेली फांदी भारतीय लांडग्याची आहे. तिबेटी लांडग्याचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए जास्त जुना दिसतो, तो बहुधा नामशेष झालेल्या कुठल्या तरी श्वानकुळाशी झालेल्या संकरातून आला असावा.

थोडक्यात, पोकॉकनं ज्याला करड्या लांडग्याची एक उपजात म्हणून नोंदवलं, तो या खानदानातल्या सगळ्यात जुन्या शाखेचा वारस निघाला. साइक्सला यातलं काहीच ठाऊक असणं शक्य नव्हतं. पण त्यानं टाकलेला वेगळा खण अगदीच चुकीचा नव्हता म्हणायचा.

असो. मुद्दा असा, की आता आपल्याला माहीत आहे. 'ठाऊक नव्हतं हो' ही सबब संपली. वन्यजीव कायद्यात लांडगा अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे कागदावर वाघाइतकाच संरक्षित. पण वाघाला जंगल आहे, लांडग्याचा बहुतेक संसार अभयारण्यांबाहेर. तो राहतो ते माळरान सरकारी नकाशांत बऱ्याचदा 'पडीक' म्हणून रंगवलेलं असतं. पडीक म्हटलं की तिथे झाडं लावा, प्लॉट पाडा, सौर प्रकल्प टाका, कोणाला काही वाटत नाही. २०२३ मध्ये पुण्याजवळच्या एका प्राण्याचा डीएनए तपासल्यावर तो लांडगा आणि कुत्रा यांचा संकर निघाला. भारतातला हा जनुकीय पुरावा असलेला पहिला नमुना. दोघांची गुणसूत्रं ७८-७८ असल्यानं संकराची पिल्लंही पुढे वीण देऊ शकतात. लाखो वर्षं वेगळी राहिलेली फांदी आपल्या उकिरड्यांवर वाढलेल्या कुत्र्यांत विरघळून जाऊ शकते, गोळी न झाडता.

२०२५ मध्ये आययूसीएननं भारतीय लांडग्याचं पहिल्यांदाच स्वतंत्र मूल्यांकन केलं आणि त्याला 'असुरक्षित' गटात टाकलं. शिल्लक संख्या सुमारे ३ हजार. आपल्या हिंजवडीतल्या एका बऱ्यापैकी कंपनीच्या कॅम्पसमध्ये सकाळी यापेक्षा जास्त लोक आयकार्ड स्वाइप करतात.

मेंढपाळाचं नुकसान खरं आहे, आणि एसीत बसून त्याला 'सहजीवना'चे धडे देणं सोपं आहे. त्याची भरपाई लवकर मिळाली पाहिजे, फॉर्म घेऊन चकरा न मारता. गवत राखलं तर त्याच्या मेंढ्यांनाही चरायला मिळतं, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. धनगर आणि लांडगा एकाच माळावर पिढ्यानपिढ्या नांदत आले, भांडत का होईना. दोघांनाही खरा धोका आहे तो माळच नाहीसा होण्याचा.

तेव्हा पुढच्या वेळी सोलापूरहून बार्शीकडे जाताना खिडकीबाहेर नुसतं पिवळं गवत दिसलं, तर 'इथे काहीच नाही' असं म्हणू नका. जगातल्या लांडग्यांची सगळ्यात जुनी फांदी अजून तग धरून आहे, ती अशाच गवतात.