प्रश्न विचारणारा भाविक

श्रद्धा आणि प्रश्न यांचे वैर आहे, अशी समजूत आपल्या कुटुंबांत पुष्कळदा आढळते. घरातील तरुणाने धर्मशिकवणीविषयी शंका काढली, की वडीलधारी मंडळी अस्वस्थ होतात आणि त्याला गप्प बसवितात. मराठी मुलखातील ख्रिस्तसभेचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. मराठीतील पहिला थोर ख्रिस्ती ग्रंथ एका भाविकाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून उभा राहिला आहे.

फादर थॉमस स्टीफन्स हे येशूसंघीय धर्मगुरू मूळचे इंग्लंडचे. ते 24 ऑक्टोबर 1579 रोजी गोव्यास पोहोचले आणि 1619 साली त्यांचा अंत होईपर्यंत, म्हणजे सुमारे 40 वर्षे, याच भूमीत राहिले. त्यांची बहुतेक सेवा साष्टी प्रांतात झाली. 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभी त्यांनी एक प्रसंग वर्णिला आहे. रविवारी मंदिरात मुलांची दोतोर्न चालली असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना विचारतो : आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांस दुसरे पुराण का देत नाही?

या प्रश्नात जिज्ञासा आहे, तशी व्यथाही आहे. साष्टीतील देवळे 1567 साली पोर्तुगीज सत्तेने पाडली होती आणि जुन्या पोथ्यांवर बंदी आली होती. ज्या माणसाची पोथी गेली, त्याला रात्री कुटुंबासह बसून ऐकावे असे काही उरले नव्हते. मुलांसाठीची पाठ करावयाची प्रश्नोत्तरे त्या भुकेला पुरी पडणारी नव्हती. स्टीफन्स यांनी त्या गृहस्थाला उद्धट ठरविले नाही. त्यांनी त्याची भाषा आत्मसात केली, ओवीचा छंद घेतला आणि सुमारे 11 हजार ओव्यांचा ग्रंथ रचला. तो 1616 साली रायतूर येथे छापला गेला. सृष्टीची उत्पत्ती, मानवाचे पतन, प्रभू येशूचा जन्म, मरण आणि पुनरुत्थान ही शिकवण त्यांनी तशीच ठेवली. मात्र स्वर्गासाठी त्यांनी वैकुंठ हा शब्द बिनदिक्कत वापरला, कारण ऐकणाऱ्याच्या कानाला तोच ओळखीचा होता.

पुढे राज्यकर्त्यांना या वाटेचा विसर पडला. 1684 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढून लोकांनी आपली भाषा सोडून 3 वर्षांत पोर्तुगीज आत्मसात करावी, असा हुकूम दिला. तो पूर्णपणे अमलात आला नाही, हे आपले भाग्य. ज्याची भाषा काढून घेतली जाते, त्याला प्रश्न विचारता येत नाही. आणि प्रश्न न विचारता मिळालेली शिकवण ओठांवर राहते, अंतःकरणात उतरत नाही.

घाटमाथ्यावरील आमच्या कोल्हापूर भागाची कथा याच प्रवाहाशी जोडलेली आहे. कोल्हापूर शहरात 1852 पासून अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनचे काम सुरू झाले. आजरा, चंदगड या बाजूची अनेक कॅथलिक कुटुंबे मात्र गोवा-कोकणाशी नाते सांगणारी. घरात कोकणी आणि शाळेत मराठी अशा दोन भाषांत त्यांची श्रद्धा वाढली. 2005 साली कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे मिळून सिंधुदुर्ग धर्मप्रांत झाला. तोवर आम्ही पुणे धर्मप्रांतात होतो. त्याच पुणे धर्मप्रांतात 1903 साली, नगर जिल्ह्यातील केंदळ या खेड्यातून, जर्मन धर्मगुरू हेन्री डोरिंग यांनी 'निरोप्या' मासिक सुरू केले. पुढे 1907 साली ते पुण्याचे बिशप झाले. परदेशातून आलेल्या एका मेंढपाळाला शेतकरी कुटुंबांशी दर महिन्याला मराठीत बोलावेसे वाटले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962–1965) हीच वृत्ती साऱ्या ख्रिस्तसभेची केली. 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजाने मिस्सा लोकभाषेत होण्याचा मार्ग मोकळा झाला. 1965 च्या 'आनंद आणि आशा' या शब्दांनी सुरू होणाऱ्या दस्तऐवजाने काळाची चिन्हे ओळखून शुभवर्तमानाच्या प्रकाशात त्यांचा अर्थ लावणे हे ख्रिस्तसभेचे कर्तव्य ठरविले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (1942–2024) यांनी ते कर्तव्य आपल्या डोळ्यांदेखत निभावले. 'सुवार्ता' मासिकाचे संपादन, 'सुबोध बायबल' आणि हरित वसईची चळवळ ही त्यांची एकच सेवा होती. विहिरी आटत असताना, बागायती जात असताना धर्मगुरूने काय बोलावे, हा वसईकरांचा प्रश्न त्यांनी आपला मानला. 2015 साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकात सृष्टीच्या जतनाची शिकवण मांडली. पंचगंगेच्या काठी राहणाऱ्या आम्हांला ती दूरची वाटू नये. 2019 आणि 2021 चे महापूर आम्ही पाहिले आहेत. नदीत मिसळणारे सांडपाणीही आम्ही रोज पाहतो.

आज आमच्या घरांतील प्रश्न आणखी जवळचे आहेत. नोकरीसाठी पुण्या-मुंबईस गेलेल्या मुलीने अन्यधर्मीय जोडीदार निवडला, तर घरात प्रथम ऐकू येतो तो नकार. ख्रिस्तसभा काय म्हणते, हे फारसे कोणी पाहत नाही. 1983 च्या धर्मसंहितेनुसार अशा विवाहास अडथळा आहे, पण बिशप योग्य कारण असल्यास त्यातून सूट देऊ शकतात. कॅथलिक व्यक्तीने आपली श्रद्धा जपण्याचे व मुलांना स्नानसंस्कार देऊन कॅथलिक श्रद्धेत वाढविण्यासाठी शक्य ते सारे करण्याचे वचन द्यावयाचे असते आणि जोडीदाराला त्याची कल्पना द्यावयाची असते. या शिकवणीत विवाहाचे गांभीर्य आहे आणि माणसाची कदरही आहे. ती न सांगता केवळ दरवाजा लावून घेतला, तर मुलगी घराबरोबर ख्रिस्तसभेलाही मुकते. अशी कितीतरी मुले भांडण न करता, एक शब्द न बोलता निघून गेली आहेत.

नवे प्रश्न तर दाराशी उभेच आहेत. 1891 साली पोप तेरावे लिओ यांनी कारखान्यांतील कामगारांच्या हक्कांवर परिपत्रक काढले. मे 2025 मध्ये निवडून आलेल्या पोप चौदावे लिओ यांनी त्याच परिपत्रकाचे स्मरण करून ते नाव धारण केले आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगात श्रमाची प्रतिष्ठा जपण्याची गरज सांगितली. इचलकरंजीच्या यंत्रमागावर राबणारा आणि संगणकापुढे बसणारा, दोघांनाही आपल्या कामाचे मोल काय, हे विचारावयाचे आहे.

त्यांनी ते कोणाला विचारावे? साष्टीच्या त्या गृहस्थाला विचारण्यासाठी मंदिर होते आणि ऐकून घेणारा पाद्री होता. आमच्या धर्मग्रामांत रविवारची मिस्सा संपताच आवार रिकामे होते. महिन्यातून एका रविवारी धर्मगुरूंनी आणि कुटुंबांनी अर्धा तास थांबावे, मुलांनी निर्भयपणे विचारावे, ठाऊक नसलेले उत्तर शोधून पुढच्या खेपेस द्यावे, एवढे तरी आम्हांला करता येईल. सर्व उत्तरे लगेच मिळणार नाहीत. स्टीफन्स गोव्यात आले त्यानंतर 37 वर्षांनी त्यांचा ग्रंथ छापून झाला. पण विचारणाऱ्याला आपले म्हणण्यास एवढा अवधी लागत नाही.