किनाऱ्यावरचा वाद आणि ईश्वरी ग्रंथांचे दावे

विष्णुबाबा ब्रह्मचारी (१८२५–१८७१) यांनी १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर ख्रिस्ती मिशनऱ्यांशी जाहीर वाद घातले. दोन्ही पक्ष आपापला ग्रंथ प्रमाण मानत. पण ग्रंथांच्या प्रामाण्याचे हे दावे एका प्रकारचे नाहीत, ही गोष्ट अशा वादांत फार लवकर हरवते.

हिंदू दर्शनांपैकी मीमांसा मानणाऱ्यांच्या, म्हणजे मीमांसकांच्या मते वेदांना कर्ताच नाही, ईश्वरसुद्धा नाही. न्याय दर्शनाचे नैयायिक मात्र ते ईश्वराने रचले असे मानतात. म्हणजे घरातच मतभेद! इस्लामी श्रद्धेनुसार कुराण जिब्रील या देवदूतामार्फत मुहंमद पैगंबरांवर सुमारे २३ वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरले. ख्रिस्ती शुभवर्तमानांवर माणसांची नावे आहेत. लूककृत शुभवर्तमानाचा लेखक तर आरंभीच सांगतो, की सगळ्याचा मुळापासून नीट शोध घेऊन आपण हे क्रमवार लिहीत आहोत.

मीमांसक कुमारिल भट्टांनी बुद्धाच्या सर्वज्ञतेवर घेतलेला आक्षेप इथे मोलाचा वाटतो: सर्वज्ञाला ओळखायचे तर ओळखणाराही सर्वज्ञच हवा. आक्षेप बिनतोड आहे, आणि तो कोणत्याही साक्षात्काराच्या दाव्यावर घेता येतो. विष्णुबाबांनी पुढे ‘वेदोक्त धर्मप्रकाश’ (१८५९) या ग्रंथात आपली बाजू सविस्तर मांडली.