शॉर्टफिल्मची गोष्ट सापडते कुठे? सावेदादांपासून उल्हासनगरच्या बराकीपर्यंत



"ताई, शॉर्टफिल्मसाठी एखादा चांगला विषय सांगा ना." कॉलेजांचे फेस्टिव्हल जवळ आले की हा मेसेज मला हमखास येतो. पेट परीक्षा जवळ आली की दुसरा येतो. "ताई, पीएचडीसाठी एखादा चांगला विषय सांगा ना." आधी मला हे दोन वेगळे प्रश्न वाटायचे. आता वाटत नाहीत. दोन्हीकडे माणूस एकाच जागी अडकलेला असतो. 'फाळणी', 'प्रदूषण', 'स्त्रीशिक्षण' असा मोठा शब्द हातात असतो आणि पुढे काय करायचं ते सुचत नसतं.

हे मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण मीही तशीच अडकले होते.

आमची फसलेली फिल्म

एम.ए.ला असताना आम्ही चौघांनी एक शॉर्टफिल्म केली. विषय अर्थातच फाळणी. लोकेशन उल्हासनगर, कॅम्प चार. लहानपणी सिंधमधून आलेले एक आजोबा मैत्रिणीच्या ओळखीने भेटले. आम्ही त्यांना खुर्चीत बसवलं, दोन तास बोलतं केलं आणि त्यातली सात मिनिटं कापून घेतली. मागे बासरी टाकली. मधे मधे इंटरनेटवरून घेतलेले फोटो टाकले: टपापर्यंत माणसांनी भरलेल्या आगगाड्या, बैलगाड्यांचे तांडे. आम्हाला ती फार भारी वाटली होती.

मग ती आजोबांना दाखवली. त्यांनी शांतपणे पाहिली आणि विचारलं, "बेटा, हम तो जहाज़ से आए थे. ये ट्रेन किसकी है?"

आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं. ते फोटो पंजाबच्या फाळणीचे होते. पंजाबचे दोन तुकडे झाले, सिंध मात्र अख्खा पाकिस्तानात गेला. तिथले हिंदू लगेच निघाले नाहीत. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि त्यानंतर निघणाऱ्यांचा लोंढा वाढला. काही राजस्थानमार्गे रेल्वेने आले, पण कितीतरी जण कराची बंदरातून बोटीने मुंबईला उतरले. आम्ही एका माणसाची आठवण घेतली आणि तिला दुसऱ्याच प्रांताचं चित्र चिकटवलं. याला आपण संशोधनात काय म्हणतो? साधन न तपासता वापरणं. व्हायवात यावरून धारेवर धरतात. फिल्ममध्ये मात्र टाळ्या मिळतात, आणि तोच खरा धोका आहे.

तेव्हापासून मी एक प्रश्न घेऊन जुन्या फिल्म बघायला लागले. चित्रातून गोष्ट सांगणं आपल्याकडे लोक शिकले कसे?

पहिला टप्पा: घटना

७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या. ते पाहून भारावलेल्यांमध्ये हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा होते. त्यांचा फोटोग्राफीचा व्यवसाय होता. त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तो स्वागतसोहळाही त्यांनी टिपला.

हे काम फार मोलाचं आहे. पण त्यात काय आहे बघा: समोर काहीतरी घडतंय आणि कॅमेरा ते नोंदवतोय. आपल्या भाषेत सांगायचं तर हा डेटा आहे. आमची खुर्चीतल्या आजोबांची फिल्म तांत्रिकदृष्ट्या २०व्या शतकाच्या पुढची असेल, पण कथनाच्या बाबतीत ती १८९९ मध्येच होती. खरं तर तिथेही नव्हती, कारण सावेदादांच्या फिल्ममधली कुस्ती खरी होती.

दुसरा टप्पा: बदल

दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आले. पूर्ण लांबीचा चित्रपट काढायचा होता, पैसे नव्हते, आणि हे वेड ऐकून पैसे देणार कोण? तेव्हा त्यांनी एक छोटी फिल्म केली. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागी ठेवला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत गेले. महिन्याभराची वाढ पडद्यावर मिनिटाभरात दिसली. 'अंकुराची वाढ' ही ती फिल्म. ती बघून भांडवल मिळायला वाट झाली, सरस्वतीबाईंनी दागिने दिले, आणि ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला.

मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते की ही आपल्याकडची पहिली पायलट स्टडी समजा. फाळक्यांच्या हातात ना नट होता, ना सेट. एक कुंडी होती. पण त्यांना नेमकं कळलं होतं की कॅमेरा असं काही दाखवू शकतो, जे डोळ्याला एरवी दिसत नाही. सुरुवातीची माती आणि शेवटचं रोप यांच्यात जो फरक पडला, तीच गोष्ट. १९१५ मध्ये त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली, त्यात चक्क आगपेटीतल्या काड्या हलवून चित्रण केलं होतं. बजेट नाही म्हणून रडणाऱ्या प्रत्येक ग्रुपने ही दोन नावं कपाटावर चिकटवून ठेवावीत!

तुमच्या कथेला लावायची पहिली चाळणी इथे मिळते. पहिल्या आणि शेवटच्या शॉटमध्ये डोळ्यांना दिसेल असं काय बदललं? उत्तर नसेल, तर तुमच्याकडे अजून विषयच आहे.

तिसरा टप्पा: हट्ट

ल्युमिएर बंधूंचीच १८९५ ची एक फिल्म आहे, जेमतेम पाऊण मिनिटाची. माळी पाणी घालतोय. एक पोरगा पाइपवर पाय देतो. पाणी थांबतं, माळी पाइपमध्ये डोकावतो, पोरगा पाय काढतो आणि माळी भिजतो. एकाला काहीतरी करायचंय, दुसरा आड येतोय, आणि दोन्ही गोष्टी एका पाइपवर दिसतायत. संवाद शून्य.

आता ११५ वर्षं पुढे या. नागराज मंजुळे अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) न्यू आर्ट्स कॉलेजात कम्युनिकेशन स्टडीज शिकत असताना त्यांनी 'पिस्तुल्या' केली. म्हणजे ती विद्यार्थ्याची फिल्म होती, हे लक्षात घ्या. तिला २०१० सालासाठीचा, दिग्दर्शकाच्या पहिल्या नॉन-फीचर फिल्मचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. विषय काय म्हणाल? 'भटक्या-विमुक्तांचं शिक्षण'. असा विषय सिनॉप्सिसमध्ये लिहिला तर गाईड म्हणतील, फार मोठा आहे, नॅरो डाउन करा. मंजुळेंनी तो एका पोरावर आणला. पारधी समाजातला मुलगा, त्याला शाळेत जायचंय, आणि घरची परिस्थिती त्याला चोरीकडे ढकलतेय. सगळा समाजशास्त्रीय प्रश्न त्या एका पोराच्या हट्टात आला.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधली उमेश कुलकर्णींची 'गिरणी' पाहा. नावच एका वस्तूचं आहे. घरात पिठाची गिरणी येते आणि तिचा आवाज एका लहान मुलाचं जग व्यापून टाकतो. गरिबीवर भाषण नाही. गिरणी चालू होते, बास.

म्हणजे दुसरी चाळणी अशी: कुणाला काय हवंय, आड काय येतंय, आणि हे दोन्ही कोणत्या एका वस्तूत दिसतं?

परत उल्हासनगरला

या दोन चाळण्या घेऊन मी आजोबांच्या त्या दोन तासांच्या रेकॉर्डिंगकडे परत गेले. सोबत उल्हासनगरचा इतिहासही नीट वाचला, जो मी फिल्म करण्याआधी वाचायला हवा होता.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी उभी राहिली, सुमारे ६ हजार सैनिक आणि आणखी ३० हजार माणसांसाठी. २,१२६ बराकी होत्या. बहुतेकींची रचना एकसारखी: मधे मोठा हॉल आणि दोन्ही टोकांना खोल्या. युद्ध संपलं, छावणी ओस पडली आणि फाळणीनंतर तिथे निर्वासितांना ठेवलं गेलं. आले सुमारे लाखभर. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि उल्हास नदीवरून गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं. पण लोकांच्या तोंडी आजही कॅम्प एक ते पाचच आहेत.

आता जरा थांबा आणि हिशेब करा. ३६ हजारांसाठी बांधलेल्या जागेत लाखभर माणसं. मग एका हॉलमध्ये 'घर' म्हणजे नक्की काय होतं? हा संशोधनाचा प्रश्न झाला. 'फाळणी आणि सिंधी समाज' हा नव्हता.

उत्तर रेकॉर्डिंगमध्येच होतं, आम्ही ते कापून टाकलं होतं. आजोबा सांगत होते की हॉलमध्ये बरीच कुटुंबं राहायची आणि मधे चादरी नाहीतर गोणपाट टांगलेलं असायचं. रात्री पलीकडचं सगळं ऐकू यायचं. त्यांची आई दर दोन-चार दिवसांनी पडदा वीतभर पलीकडे सरकवायची, शेजारीण तो परत अलीकडे आणायची. यावर दोघी कधी एक शब्द बोलल्या नाहीत. "माँ को बस चूल्हे की जगह चाहिए थी," असं म्हणून ते हसले होते.

दिसतंय का तुम्हाला? कुणाला काय हवंय: चुलीपुरती जागा. आड काय येतंय: तितकीच नडलेली दुसरी बाई. कशात दिसतं: गोणपाटाच्या पडद्यात. पहिल्या शॉटमध्ये पडदा कुठे होता आणि शेवटच्या शॉटमध्ये कुठे आहे, एवढ्यात सगळी फिल्म आहे. देशाची फाळणी त्या हॉलमध्ये रोज वीत-वीत चालू होती. त्यासाठी पंजाबची आगगाडी आणायची गरज नव्हती.

आम्ही ती फिल्म पुन्हा करायचं ठरवलं. परीक्षा, नोकरी, कुणाचं लग्न, असं करता करता राहिली. दोन वर्षांपूर्वी आजोबा गेले. पडदा कोणत्या दोरीवर टांगायचे, चूल कुठल्या कोपऱ्यात होती, हे आता मला कोण सांगणार? कित्येक बराकींच्या जागी इमारती उभ्या राहिल्यात आणि बॅरेक नंबर तेवढा पत्त्यात उरलाय. स्थलांतराच्या वेळी दहा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदीला टेकलंय.

आणि त्यांच्या जागी लोकांच्या डोक्यात काय आहे? 'मेड इन यूएसए', म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा घासून गुळगुळीत झालेला विनोद. शोधून न काढलेल्या गोष्टीची जागा असा आयता विनोद घेतो, नाहीतर आयता फोटो.

आता तुमची पाळी

कॅमेरा हातात घेण्याआधी हे करून बघा.

१. मोठा शब्द वहीत लिहा आणि त्याखाली त्याच्याशी संबंधित दहा वस्तू लिहा. 'वालधुनीचं प्रदूषण' असेल तर अंबरनाथच्या शिवमंदिराजवळ जाऊन उभे राहा. १०६० सालचा शिलालेख असलेलं मंदिर आणि त्याच्या बाजूने वाहणारं आजचं पाणी. तिथे रोज येणारं माणूस कोण आहे, त्याच्या हातात काय असतं, ते लिहा.

२. मुलाखत घ्या, पण 'तुम्हाला कसं वाटलं?' असं विचारू नका. 'कुठे बसायचात? दार कुठे होतं? हातात काय होतं?' असं विचारा. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या मधे पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, हजाराच्या वर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. हेलिकॉप्टरमधून दिसणारी गाडी सगळ्यांनी पाहिलीय. डब्यातल्या एका सीटवर त्या रात्री काय चाललं होतं, ते विचारा.

३. वापरायचं प्रत्येक जुनं चित्र कुठलं, कधीचं, कुणी काढलेलं, हे लिहून ठेवा. तीनपैकी एकाचंही उत्तर नसेल तर ते वापरू नका.

४. आवाज बंद करून पहिला कट घरच्यांना दाखवा. गोष्ट कळली नाही तर बासरी तुम्हाला वाचवणार नाही.

५. ज्याची गोष्ट आहे त्याला लोकांआधी दाखवा. आम्ही हे एक काम बरोबर केलं होतं, म्हणून तर चूक कळली.

पीएचडीवाल्यांनो, हीच यादी सिनॉप्सिस लिहितानाही चालते. फक्त 'शॉट'च्या जागी 'साधन' वाचा.

आणि एक सांगते. तुमच्या ओळखीत असं एखादं नव्वदीचं माणूस असेल, तर स्क्रिप्ट होईपर्यंत थांबू नका. या रविवारी लोकल पकडा, विठ्ठलवाडीला उतरा, आणि त्यांना विचारा की घरात पडदा कुठे टांगलेला होता.